इराची झडप

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. माझी मुलगी इरा ठणठणीत आहे. आत्ता ती बाहेर शेजारच्या मोरागच्या कोंबड्यांच्या मागे धावतेय, आणि तिला जेवायला बोलवून बोलवून माझा घसा बसलाय.

हे मी ज्यांना नुकतंच कोणीतरी सांगितलंय की तुमच्या मुलाच्या हृदयात काहीतरी आहे, त्यांच्यासाठी लिहितेय. काही वर्षांपूर्वी मी त्या खुर्चीत बसले होते तेव्हा इंग्रजीत सगळे समजावून सांगत होते, आणि फार चांगलं सांगत होते. पण घाबरायला माणसाला आपलीच भाषा लागते, आणि ती बोलणारं आमच्या घराबाहेर तिथे कोणी नव्हतं.

आम्ही इथे कसे

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज नावाची बेटं आहेत. त्यातल्या एका छोट्याशा बेटावर आम्ही राहतो. माझा नवरा निखिल डेंटिस्ट. जन्म लंडनजवळच्या हॅरोचा, शिक्षण लंडनचं, मराठी घरात ऐकून शिकलेलं, लिंगात हमखास गडबड. मी ठाण्याहून लग्न करून हॅरोला आले, तिथे जरा कुठे रुळले, मेट्रोपॉलिटन लाइनची स्टेशनं पाठ झाली, तर या गृहस्थाने जाहिरात वाचली की एका बेटाला डेंटिस्ट हवाय. "एक वर्ष जाऊन बघू," म्हणाला. ते एक वर्ष अजून संपलेलं नाही. दुकानात निखिल दिसला की लोक बिस्किटांचे पुडे ट्रॉलीत खाली सरकवतात, याची मला आता सवय झाली आहे.

आमच्याकडे विमान समुद्रकिनाऱ्यावर उतरतं. धावपट्टी वगैरे काही नाही, ओहोटी लागली की उघडी पडते ती वाळू. त्यामुळे विमानाचं वेळापत्रक चंद्राच्या हातात, आणि उरलेलं वाऱ्याच्या. पहिल्यांदा उतरले तेव्हा मला वाटलं पायलटची काहीतरी गफलत झाली. इथली माणसं महत्त्वाच्या कामाला कधीच आदल्या दिवशी निघत नाहीत, दोन-तीन दिवस आधी निघतात. मला ते खूळ वाटायचं.

सूटकेसवाले डॉक्टर

शाळेत घालण्याआधी मुलांची तपासणी होते, त्यात नर्सने इराच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. ही नर्स बोलघेवडी, एकीकडे तपासायची आणि एकीकडे गावभरच्या बातम्या सांगायची. तिने स्टेथोस्कोप जरा सरकवला, परत लावला, आणि तिचं बोलणं थांबलं. मला तेव्हाच कळलं. इरा जिना चढताना मधेच बसते, फिरायला गेलं की "आई, उचल" म्हणते, ते मी लाड समजत होते. नर्स म्हणाली, तू काय, कोणीही तेच समजलं असतं.

लहान मुलांचे हार्टचे डॉक्टर आमच्या बेटावर वर्षातून दोनदा येतात. सोबत मोठी सूटकेस, त्यात सोनोग्राफीचं मशीन. इरा त्यांना पहिल्या दिवसापासून सूटकेसवाले डॉक्टर म्हणते. त्यांच्या क्लिनिकच्या दिवशी धुकं पडलं. आम्ही आठ-दहा आया पोरांना घेऊन बसलो होतो, वर विमानाचा आवाज येत होता, घिरट्या घालून ते परत गेलं. मी घरी येऊन भांडी अशी आपटली की एक कप फुटला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बोटीने आले. समुद्र खवळलेला, माणसाचा चेहरा अक्षरशः हिरवा. कोणीतरी विचारलं, जरा पडता का? ते म्हणाले, "मुलं कालपासून थांबली आहेत." तोंड धुतलं, कपभर काळा चहा प्यायले आणि सुरू झाले. इराच्या छातीला लावायची जेल आधी स्वतःच्या तळव्यात धरून कोमट केली. मी कितीतरी गोष्टी विसरले, ही नाही विसरले.

त्यांनी स्क्रीनवर दाखवलं. हृदयातून फुप्फुसांकडे रक्त जातं तिथे एक झडप असते. इराच्या झडपेच्या पाकळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या, जेमतेम एक फट उघडत होती. त्या फटीतून रक्त ढकलून ढकलून हृदय दमत चाललं होतं. असंच चालू दिलं तर ते आणखी दमेल, आणि मग भरून काढणं अवघड. हिवाळ्याच्या आत झडप उघडायला हवी. त्याला उपाय होता: मांडीतल्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्या टोकाला फुगा, तो झडपेत फुगवायचा. जमलं तर छाती उघडावी लागणार नाही. नाही जमलं तर मात्र मोठं ऑपरेशन.

"इथेच नाही का करता येणार?" मी विचारलं. प्रश्न वेड्यासारखाच होता. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "त्याच्या मशिनला ही अख्खी इमारत पुरायची नाही. ग्लासगोला यावं लागेल. पण ती नळी सोडून बाकी सगळं मी इथे येऊन करेन."

आणि त्यांनी केलं. ग्लासगोची ती फेरी सोडली तर पुढची प्रत्येक तपासणी त्यांनी आमच्या बेटावर येऊन केली.

घरातले दिवस

निखिलची घाबरायची पद्धत म्हणजे वाचन. फोनच्या लाइनवर किरकिरत चालणारं इंटरनेट लावून तो तासन्‌तास वाचत बसायचा. माझी पद्धत बोलायची. मी बोलायला गेले की तो "एक मिनिट" म्हणायचा आणि मी पेटायचे. एकदा मी म्हटलं, "हॅरोत असतो तर आधी कळलं असतं." तो म्हणाला, "हॅरोत असतो तर तू तिला आणखी कमी चालवला असता." हे जन्मतःच असतं, कुठेही असता तरी असतंच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण भांडायला कारण कुठे खरं लागतं?

तेवढ्यात बेट मदतीला धावून आलं. विमानतळावर बॅगा घेणारी बाईच शाळेत मुलांना जेवण वाढणारी डिनर लेडी आहे. तिने आमची तिकिटं स्वतःहून दोन दिवस अलीकडची केली. मोराग रोज अंडी ठेवून जायची, दार न वाजवता, म्हणजे मला हसून बोलावं लागू नये. रविवारी चर्चमध्ये इराचं नाव घेतलं गेलं. मी घरी गणपतीपुढे बसले होते, म्हटलं, दोन्हीकडून लागू दे.

आई येतात

निखिलच्या आई हॅरोच्या शेजारी, पिनरला एकट्या राहतात. हीथ्रोजवळच्या कारखान्यात विमानातली जेवणं भरण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. इंग्रजी त्यांचं कामापुरतं, पण कामाला कधी अडलं नाही. त्या ट्रेनने थेट ग्लासगोला आल्या, दोन बॅगा घेऊन, त्यातली एक निव्वळ खाण्याची. आमचं सासू-सुनेचं बरं जमतं. मधे पाचशे मैल आहेत हेही त्याचं एक कारण असेल. एक मात्र मी लग्नापासून बघत आलेय. निखिलचा आवाज चढला की आई गप्प होतात आणि स्वयंपाकघरात जातात. सासरे मी पाहिले नाहीत, पण त्यांचा आवाज कसा असेल ते मला त्यावरून कळतं.

हॉस्पिटलच्या शेजारी पालकांसाठी खोल्या होत्या, एकच मोठं स्वयंपाकघर सगळ्यांना मिळून. आदल्या दिवशी वॉर्डमध्ये रक्त, ईसीजी, सगळं झालं. खेळ घेणाऱ्या एका ताईने टेडीच्या मांडीला पट्टी लावून इराला दाखवलं. "फुगा पिंक असणार का?" इराने विचारलं. डॉक्टर म्हणाले, तू म्हणशील तो रंग.

सकाळी पोटात काही असता कामा नये हे आम्हाला सगळ्यांनी बजावलं होतं. मी आईंना मराठीत नीट सांगितलं. "आई, उठल्यापासून तिला काहीही खायला द्यायचं नाही हं."

"अगं, देईन कशी? तिचं होईपर्यंत मीसुद्धा काही खाणार नाहीये," आई म्हणाल्या.

सिस्टरचा प्रश्न

सकाळी वॉर्डमध्ये सिस्टरने इराच्या मनगटावरचा नावाचा पट्टा तपासला आणि विचारलं, शेवटचं कधी खाल्लं? मी म्हटलं, काल संध्याकाळी, फिश फिंगर्स आणि मटार. तिने परत विचारलं, त्यानंतर काही? दूध, गोळी, चॉकलेट, अगदी चमचाभर काही?

"नथिंग," मी म्हटलं.

आई मागे खिडकीशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सिस्टर, नो. आय गेव्ह योगर्ट. विथ शुगर. धिस मॉर्निंग."

मला क्षणभर अर्थच लागला नाही. मी आंघोळीला गेले होते, निखिल बॅग भरत होता, तेवढ्यात आईंनी पिनरहून आणलेल्या डब्यातलं दही इराच्या तळहातावर ठेवलं होतं, वर साखर. इराने हात चाटून पुसून स्वच्छ केला होता.

निखिलचा आवाज चढला. "आई, तुला सांगितला होता ना. शंभर वेळा सांगितला होता." सगळा वॉर्ड आमच्याकडे बघायला लागला.

"अरे, ते खाणं नव्हे रे," आई म्हणाल्या. "शकुनाचं दही-साखर ते. तू परीक्षेला निघालास की तुझ्याही हातावर ठेवायचे. मला ते खाण्यात धरायचं सुचलंच नाही. आत्ता ती चमचाभर म्हणाली तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला."

आणि खरं सांगा, आपण धरतो का खाण्यात? उपासाच्या दिवशी देवळात हातावर प्रसाद पडला तर कोण नाही म्हणतं? घरातून महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर ठेवायचं, हे आईंच्या हातांना माहीत होतं. डोक्याला त्यांनी विचारलंच नव्हतं. निखिल तोंड फिरवून उभा राहिला. मीसुद्धा रागावले होते, खोटं कशाला बोलू. दोन दिवस आधी निघालो, विमान मिळालं, वारा थांबला, सगळं जुळून आलं आणि अडलं ते कशाने, तर दह्याने.

भूल देणारी डॉक्टर आली. तरुण मुलगी, आयरिश असावी. इराच्या पलंगावर टेकून तिने सांगितलं की भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, आणि इराच्या हृदयाला आत्ता तो धक्का नको. एवढ्याशाने बहुतेक काही झालं नसतं, पण बहुतेकच्या भरवशावर ती कोणाला झोपवत नाही. मग ती उठून आईंकडे गेली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुम्ही सांगितलंत, थँक यू. पुष्कळ लोक नाही सांगत."

आईंचे डोळे भरून आले. निखिलने ते पाहिलं नाही, मी पाहिलं.

लांबलेला दिवस

इराचा नंबर शेवटी गेला. तिच्या जागी दुसऱ्या एका बेटावरचा मुलगा आत गेला. दुपारी एक नुकतंच जन्मलेलं बाळ हवाई अँब्युलन्समधून आलं, निळसर पडलेलं, आणि नळी घालायची खोली त्याच्यासाठी लागली. त्या बाळाची आई अजून तिच्या गावच्या हॉस्पिटलमध्येच होती, सोबत फक्त बाप. तो हातात बाळाचं टोपडं घेऊन कॉरिडॉरमध्ये उभा होता. त्याला बघितल्यावर मी दह्याबद्दल एक शब्द बोलले नाही. सिस्टरने येऊन सांगितलं, इराचं उद्या. इराने तोवर भुकेने रडून वॉर्ड डोक्यावर घेतला होता. तिला टोस्ट मिळाल्यावर जगात शांतता झाली.

निखिल संध्याकाळभर आईशी बोलला नाही. आई खाली त्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात बसून राहिल्या. मी चहा करून दिला, तो त्यांनी नुसता धरून ठेवला. दिवसभर त्यांच्या पोटात काही नव्हतं. "तुम्ही खा हो आई," म्हटलं तर म्हणाल्या, "झालंय कुठे तिचं अजून?" तेवढ्यात इराच्या जागी आत गेलेल्या, दुसऱ्या बेटावरच्या त्या मुलाची आई आत आली. तिचा मुलगा आधी आत गेल्यामुळे उद्याची बोट त्यांना मिळणार होती, म्हणून ती खूश होती. का आधी गेला हे तिला ठाऊक नव्हतं. तिने आईंपुढे शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा धरला. आईंनी नको म्हणून हात जोडले.

आत कोण जाणार

भूल देण्याच्या खोलीत मुलाबरोबर एकच माणूस जाऊ शकतं. ते मी, असं ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पलंग दाराशी आला आणि इराने भोकाड पसरलं. "आजी पाहिजे. आजी येऊ दे."

मी निखिलकडे पाहिलं. तो खाली बघत होता. मग म्हणाला, "आई, तू जा तिच्याबरोबर." काल सकाळपासून तो आईशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मला टोचलं. माझी मुलगी, तिचे डोळे मिटताना मी तिथे असायला हवी होते. पण इराचा हात त्यांच्या साडीला घट्ट होता. मी बाजूला झाले. आईंनी साडीवर तो कागदी झगा चढवला, डोक्याला टोपी घातली आणि पलंगाबरोबर आत गेल्या. आतून त्यांचा आवाज येत होता. रामरक्षा म्हणत होत्या, रोज देवापुढे म्हणतात त्याच सुरात, जराही न थरथरता.

थोड्या वेळाने बाहेर आल्या. "झोपली," म्हणाल्या. "माझा अंगठा धरला होता. हळूच सोडवून घेतला." आणि मग भिंतीला टेकून रडायला लागल्या. निखिल जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला. तो बोलणारा नाही, त्याने नुसती त्यांच्या डोक्यावरची ती कागदी टोपी काढून दिली आणि त्यांना खुर्चीत बसवलं.

वाट बघण्याबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांनी बघितली आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना बघायची आहे त्यांना आधीच कशाला घाबरवू?

सूटकेसवाले डॉक्टर बाहेर आले ते हसतच. झडप उघडली होती. चिकटलेल्या पाकळ्या सुट्या झाल्या, हृदयावरचा दाब तिथल्या तिथे खाली आला, छाती उघडायची गरज नव्हती. निखिल डेंटिस्ट असूनही त्याने तोच प्रश्न तीनदा विचारला आणि डॉक्टरांनी तीनदा उत्तर दिलं. आईंनी त्यांना वाकून नमस्कार केला. डॉक्टर गोंधळले, मग त्यांनीही हात जोडून तसाच वाकून केला. त्यानंतर आईंनी त्या शॉर्टब्रेडवाल्या बाईंनी जाताना ठेवलेले दोन तुकडे खाल्ले.

तुम्हाला सांगायचं ते

इराला काही तास पाय न हलवता पडून राहावं लागलं, तेच तिला सगळ्यांत जड गेलं. मांडीवर एवढीशी पट्टी, बस. वाऱ्यामुळे परतीचं विमान दोन दिवस नव्हतं, आम्ही ग्लासगोत अडकलो आणि मला त्याचं काही वाटलं नाही. विमान वाळूवर उतरलं तेव्हा डिनर लेडीने बॅगा उचलायच्या आधी इराला उचललं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढंच ऐका. लवकर निघा. जे कळत नाही ते परत विचारा, कोणी हसत नाही. नवरा-बायको भांडाल, भांडा, त्याने काही बिघडत नाही. आणि मुलाला काय काय दिलंय ते सगळं सांगा. तीर्थ, मध, चाटण, अंगारा, आजीने घातलेली गुटी, देवापुढची साखर. त्यांच्या प्रश्नात हे शब्द नसतात. म्हणून आपल्याला आठवत नाहीत.

हे लिहायच्या आधी मी पिनरला फोन केला. म्हटलं, "आई, दही-साखरेचं लिहू का? नाहीतर गाळते."

टीव्हीचा आवाज कमी झाला. "लिही की. लोकांना कळू दे."

मग इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं. "आई, तुम्ही बोलला नसतात तर कोणाला कळलं नसतं. मी आंघोळीला होते, इराही काही बोलली नव्हती. सगळ्यांसमोर सांगताना भीती नाही वाटली?"

"वाटली ना," आई म्हणाल्या. "निखिल ओरडणार हे माहीतच होतं. पण पोरीला झोपवायला घेऊन चालले होते गं. ओरडण्याने काय, मी काही मरणार नव्हते."